घडीची सायकल आणि तिचे तेचपण

सायकल ही जात्याच सुट्या भागांची वस्तू आहे. पंखा बिघडला तर आपण तो दुरुस्तीला देतो आणि आत काय बदलले ते आपल्याला कळतही नाही. सायकलचे तसे नसते. तिचा प्रत्येक अवयव उघड्यावर असतो आणि पाना हाती असलेला कोणीही तो काढू-बसवू शकतो. आमच्या लहानपणी घरात एकच हर्क्युलिस होती. तिचे टायर, ब्रेकचे रबर, पेडलमधले छर्रे किती वेळा बदलले याचा हिशेब कोणी ठेवला नाही. एकदा तर पुढचा चिमटासुद्धा नवा घातला. तरी ती शेवटपर्यंत आजोबांचीच सायकल राहिली आणि तसे म्हणताना कोणाची जीभ अडखळली नाही. झिजलेले काढायचे आणि तसलेच नवे घालायचे, याला आपण दुरुस्ती म्हणतो. दुरुस्ती ही सायकल मागते. अलीकडे जे चालते ते निराळे आहे. धडधाकट भाग काढून त्याजागी अधिक हलका, अधिक वेगवान, अधिक देखणा भाग बसवायचा. हिला सुधारणा म्हणावे. ती सायकल मागत नाही, मालक मागतो. ‘ही तीच सायकल का?’ हा प्रश्न दुरुस्तीने सहसा उभा राहत नाही, सुधारणेने राहतो. भाग तर दोन्हीकडे सारखेच बदलतात. मग असे का व्हावे?

हा प्रश्न मला माझ्या भाच्याच्या घडीच्या सायकलीने घातला. मधोमध बिजागरी असलेली, दुमडून बगलेत मारता येणारी ही सायकल आपल्याकडे नवलाईची वाटत असली तरी ती तशी जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांसाठी बी.एस.ए. कंपनीने घडीच्या सायकली केल्या होत्या. पुढे 1970च्या दशकात लंडनमध्ये अँड्र्यू रिची यांनी आपल्या राहत्या जागेत एक नमुना घडवला. खिडकीतून ब्रॉम्प्टन ऑरेटरी हे चर्च दिसे, तेच नाव सायकलला मिळाले. अमेरिकेत डेव्हिड हॉन या भौतिकशास्त्रज्ञाने 1982 साली डाहॉन कंपनी काढली. या सायकलींभोवती आता सुट्या भागांचा मोठा व्यापार उभा आहे. मूळ कारखान्याशी काही संबंध नसलेले लोक तिच्यासाठी हँडल, क्रँक, सीटचे दांडे, बिजागरीचे खटके तयार करतात. ब्रॉम्प्टनच्या घडीच्या पेटंटची मुदत संपल्यावर तर हुबेहूब तशाच मापाच्या सायकली इतरांनी काढल्या, आणि एकीचे भाग दुसरीला बसू लागले.

भाच्याची सायकल मुळात माझ्या मेहुण्यांची. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी ती घेतली. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली ठेवायला जागा नाही, आणि सकाळी कमाटी बागेपर्यंत फेरी मारायची हौस. तेव्हा घडीचीच घ्यावी असे त्यांनी ठरवले. पाच वर्षे त्यांनी ती चालवली. ते गेल्यावर सायकल काही महिने गॅलरीत पडून होती. मग भाच्याने ती काढली. तो रोज वडोदरा-आणंद अपडाउन करतो. दोन्ही टोकांना सायकल आणि मधले पस्तीस-छत्तीस किलोमीटर गाडी. घडीच्या सायकलीला याहून योग्य काम दुसरे नाही.

पहिल्यांदा बदलले ते पुढचे दातेरी चाक, आणि त्याला सबळ कारण होते. या सायकलीचे चाक वीस इंची. एका फेऱ्यात ते दीड मीटरच्या थोडे पुढे जाते, तर आपल्या जुन्या अठ्ठावीस इंची सायकलचे सव्वादोन मीटरच्या आसपास. पुढे 44 दाते आणि मागे लहानात लहान 14, एवढ्या सामग्रीवर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल जेमतेम पाच मीटर पुढे जाई. वडोदरा सपाट, चढ नावालाही नाही. पाय नुसतेच फिरत. त्याने 52 दात्यांचे चाक बसवले आणि तेच अंतर पावणेसहा मीटरवर गेले. इथवर कोणाची तक्रार असण्याचे कारण नव्हते.

पण सुट्या भागांचा एक स्वभाव आहे. बदललेला भाग शेजाऱ्यालाही बदलायला लावतो. दातेरी चाक मोठे झाले म्हणून चेन लांब घ्यावी लागली. मग चाके बदलावीशी वाटली. इथे एक गंमत आहे. वीस इंची म्हणून जे टायर बाजारात मिळतात त्यांत 406 मिलिमीटरच्या रिमचे निराळे आणि 451चे निराळे. दोघांचे नाव एक, पण एकाचे टायर दुसऱ्याला बसत नाही. भाच्याने 406 काढून 451ची बारीक, चपळ चाके घेतली. रिम मोठी झाल्याने जुन्या ब्रेकचे रबर जागेवर येईना, म्हणून ब्रेक बदलले. मडगार्ड घासू लागले, ते निघाले. शेवटी सीट आणि तिचा दांडा. चार वर्षांत फ्रेम सोडून सारे बदलले, आणि काढलेले भाग एका गोणपाटात बांधून माळ्यावर गेले.

सीट बदलली त्या दिवशी माझी बहीण त्याला म्हणाली, “आता यात बाबांचे काय राहिले रे?” आणि गोणपाट सोडून तिने जुनी सीट आपल्या कपाटात नेऊन ठेवली. भाच्याने ते मला सांगितले. वर विचारले, “मामा, तुम्ही तत्त्वज्ञान शिकलात ना? मग सांगा, सायकल बाबांची आहे की नाही?”

तत्त्वज्ञानात या प्रश्नाला उत्तरे भरपूर आहेत; अडचण तीच आहे. अथेन्सच्या लोकांनी थीसियसचे जहाज जपून ठेवले, कुजलेल्या फळ्या काढून नव्या घालत राहिले, आणि जहाज तेच की दुसरे यावर तत्त्ववेत्त्यांत दोन तट पडले, असे प्लुटार्कने लिहिले आहे. सतराव्या शतकात हॉब्ज याने त्यात आणखी खोच मारली: काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जमवून दुसरे जहाज बांधले, तर खरे कोणते? माळ्यावरचे गोणपाट हा हॉब्जचाच प्रश्न आहे. आपल्याकडे मिलिंद राजाला नागसेनाने विचारले की तू रथातून आलास, तर रथ म्हणजे काय? दांडा? आस? चाके? यांपैकी एकही रथ नव्हे आणि यांवेगळाही रथ नाही. या साऱ्यांच्या आधाराने चालणारे ते एक नाव आहे. नैयायिक आणि वैशेषिक मात्र अवयवांहून निराळा असा ‘अवयवी’ मानतात, आणि तो मानला की त्याची किंमतही चुकती करतात. कापडाचा एक धागा निघाला तर जुने कापड नष्ट होऊन नवेच कापड उत्पन्न झाले, असे त्यांना म्हणावे लागते. भट्टीत भाजलेले मडके तेच की नवे, यावर तर न्याय आणि वैशेषिक यांच्यातही एकमत नाही. या अवयवीचे बौद्धांनी केलेले खंडन ज्याला पाहायचे असेल त्याला आमच्या गावाबाहेर जावे लागत नाही. आठव्या शतकातील शांतरक्षिताचा ‘तत्त्वसंग्रह’ कमलशीलाच्या टीकेसह 1926 साली गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये इथूनच प्रसिद्ध झाला. सयाजीरावांच्या पैशाने छापलेला तो ग्रंथ माझ्या बहिणीचे समाधान करणार नाही हे मला ठाऊक होते.

कारण ती भाग मोजत नव्हती. फ्रेम तर शाबूत होती. तिचे दुःख निराळे होते. मेहुण्यांच्या सायकलीवर तिचाही काही हक्क होता, आणि तो कोणी विचारात घेतला नव्हता. टायर फाटल्यावर बदलला असता तर ती एक शब्द बोलली नसती. झिजेने जे जाते ते काळ नेतो, त्याबद्दल कोणावर रुसता येत नाही. पण धडधाकट सीट काढताना ‘ही मला नको’ असे कोणीतरी म्हटलेले असते. दुरुस्ती आणि सुधारणा यांत फरक पडतो तो इथे. ‘तेच’पण हा केवळ वस्तूचा गुण नाही, त्या वस्तूला ज्यांनी ज्यांनी जीव लावला त्यांच्यात झालेला तो एक करार असतो, आणि करार एकट्याने बदलता येत नाही.

भाच्याची बाजूही मी ऐकून घेतली, आणि ती पोकळ नाही. तो म्हणाला, “बाबांनी सायकल फिरवायला घेतली होती, जपून ठेवायला नाही. मी हात लावला नसता तर ती गॅलरीत गंजली असती.” हे खरे आहे. जी वस्तू वापरासाठी जन्मली तिला कपाटात ठेवणे हासुद्धा तिचे ‘तेच’पण मोडण्याचाच प्रकार आहे. मात्र मग वापराची कसोटी त्यानेही पाळली पाहिजे. उष्णता हा अग्नीचा धर्म, तसा दुमडणे हा या सायकलीचा धर्म. मध्यंतरी त्याने रुंद हँडल, त्याला दोन शिंगे, आरसा आणि पुढे टोपली बसवली होती. सायकल दिसायला झोकदार झाली, पण दुमडली की चारी बाजूंनी टोचू लागली. गाडीतल्या अपडाउनवाल्यांनी दोन दिवस सोसले आणि तिसऱ्या दिवशी सुनावले. त्याने ते सारे उतरवले. दुसऱ्याच्या जागेत आपल्याला आवरून घेता येत नसेल तर ती घडीची सायकल कसली? ती नुसती लहान चाकांची गैरसोयीची सायकल.

दुभाषी मुलखातल्या वाचकांना हे लिहिताना मला आपल्या भाषेची आठवण होणे साहजिक आहे. आमच्या घरात खिडकीला ‘बारी’ म्हणतात, आणि पुण्याहून आलेले पाहुणे हसतात. पण अण्णा, अक्का आणि अडकित्ता हे कन्नडातून आलेले भाग आहेत हे हसणाऱ्यांच्या ध्यानात नसते. ते इतक्या पूर्वी बसवले की मूळचेच वाटतात. शब्द बदलल्याने भाषा जाते असे मला वाटत नाही. मला धास्ती वाटते ती निराळीच. नातवाने कोणता शब्द सोडला हे आजीला कळण्याइतके त्या दोघांचे बोलणे उरले आहे का? ते उरले असेल तर ‘बारी’ खुशाल राहू द्यावी.

असो. सायकलीचे पुढे असे झाले की या पावसाळ्यात बिजागरीजवळच्या जोडाला केसाएवढी चीर दिसली. फ्रेम ॲल्युमिनियमची. पोलाद मर्यादेतला ताण वर्षानुवर्षे सोसते, पण ॲल्युमिनियमवर प्रत्येक लहान धक्क्याची नोंद होत जाते. अशा ठिकाणी डाग देऊन भागत नाही आणि भागवूही नये, भर रस्त्यात सायकल दुभंगू शकते. म्हणजे आता फ्रेमच बदलणे आले, आणि इतके दिवस जी एकच गोष्ट मेहुण्यांची म्हणून उरली होती तीही जाणार. या वेळी भाच्याने आधी आईला चीर दाखवली. तिने चष्मा लावून ती पाहिली, बोट फिरवून पाहिली. नंतर कपाटातून मूळ बिल काढले. त्यावर फ्रेमचा नंबर आहे आणि खाली मेहुण्यांची सही. तो नंबर फ्रेमवर ठोकलेल्या नंबराशी तिने ताडून पाहिला.

नवी फ्रेम घेताना दुकानदाराने बिल कोणाच्या नावे करू असे विचारले, तेव्हा भाच्याने दुकानातूनच घरी फोन लावला. ती म्हणाली, “तुझ्याच नावाने कर. बाबांचे बिल माझ्याजवळ आहे. आणि जुनी फ्रेम भंगारात देऊ नकोस, घरी घेऊन ये.”