सही करण्याआधी

जळगाव

चि. सौ. ताईस,


कापसाचे पैसे आले आणि देवपुरातला एजंट तीन कागद ठेवून गेला, हे फोनवर कळलं. एक पतसंस्थेच्या ठेवीचा, एक शेअरचा आणि एक 'फक्त दहा रुपयांच्या' नव्या फंडाचा. यातलं चांगलं काय, असं तू विचारतेस. त्याआधी मला सांग, पैसे दिल्यावर तू सावकार होणार की मालकीण?

ठेव ठेवणारा सावकार असतो. मुद्दल आणि ठरलेलं व्याज एवढाच त्याचा हक्क, म्हणून पैसे नेणारा कोण हे आधी बघायचं. बँक बुडाली, तर एका बँकेतल्या तुझ्या सगळ्या ठेवींना मिळून, व्याज धरून, 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत, मल्टिस्टेट असल्या तरी नाहीत. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेटचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरचं आहे. 2015 मध्ये ती अवसायनात निघाली आणि ठेवीदार पावत्या हातात घेऊन वर्षानुवर्षं हेलपाटे घालत राहिले. त्यात निवृत्तीचे पैसे होते, मुलींच्या लग्नाचे होते. बँकेपेक्षा दोन-तीन टक्के जास्त व्याज कोणी देऊ केलं, तर ते जोखमीचं मोल आहे, हे ओळख.

शेअर घेतलास की तू मालकीण. तिथं ठरलेलं काहीच नाही. नफा झाला तर कंपनी लाभांश देईल, न देण्याचाही तिला अधिकार आहे. जैन इरिगेशन आपल्याला घरच्यासारखी. तिच्या ठिबकनं खानदेशातली केळी उभी केली. पण कर्जाचा बोजा वाढला, 2019 मध्ये देणी थकली आणि 2020 मध्ये शेअर एक आकडी भावावर आला. तेव्हाही शेतातल्या नळ्यांतून पाणी ठिबकतच होतं. माल चांगला म्हणून शेअर चांगला, असं नसतं. म्हणून सगळा पैसा एका कंपनीत घालू नये.

म्युच्युअल फंडात तुझे पैसे एकदम अनेक कंपन्यांत वाटले जातात. त्याच्या एका युनिटचा त्या दिवसाचा भाव म्हणजे एनएव्ही. दहा रुपयांचा फंड स्वस्त, हे एजंटाचं म्हणणं साफ चुकीचं आहे. हजार रुपयांत दहाच्या भावानं 100 युनिटं येतील, दोनशेच्या भावानं 5. दोन्ही फंड दहा टक्के वाढले, तर दोन्हीकडे तुझे अकराशेच होतील. बघायचं ते फंडाचा पैसा कुठं लावलाय आणि दर वर्षी खर्चापोटी किती टक्के कापतात, ते. एसआयपी ही वेगळी योजना नाही, दरमहा ठरावीक रक्कम भरायची ती पद्धत. तुझ्या शाळेच्या पगाराला ती सोयीची. बाजार पडला की त्याच रकमेत जास्त युनिटं मिळतात, पण सात-आठ वर्षं हात लावायचा नाही ही तयारी हवी.

गुंतवणूक म्हणून सोनं घ्यायचं मनात येईल, पण दागिना मात्र हौस म्हणून घे. मोडताना मजुरी परत मिळत नाही, हे सराफ बाजारात वाढलेल्या तुला मी काय सांगू!

कापसाच्या पैशांतून आधी जूनचं बियाणं, खत आणि मुलांची फी बाजूला काढ. ते बचत खात्यात किंवा छोट्या मुदतीच्या एफडीत ठेव. हवे तेव्हा हातात येणारे पैसे, यालाच तरलता म्हणतात. उरेल त्याचाच पुढचा विचार.

एजंट पुन्हा आला तर कशावरही सही करू नकोस. तिन्ही कागदांचे फोटो मला पाठव. पतसंस्थेच्या कागदावरचं नाव आणि नोंदणी क्रमांक नीट वाचता येईल असा काढ. जावईबापूंनाही हे पत्र दाखव.

तुझा,
मामा