‘हॅव’ आणि आपले ‘आहे’

इंग्रजीतील ‘हॅव’ हे क्रियापद म्हणजे एक अफाट पोतडीच होय. घर असणे, बहीण असणे, ताप असणे, सारे त्यात मावते. चहा घेणे तेही ‘हॅव’, जावे लागणे तेही ‘हॅव’, आणि जेवण उरकल्याचे सांगतानाही पुन्हा तेच मदतीला येते. सेमिनरीत लॅटिन शिकताना ‘हाबेरे’ हेच त्याचे मूळ, असे आम्ही खुशाल धरून चाललो होतो. ते चूक. भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते ‘कापेरे’शी, म्हणजे पकडण्याशी जोडतात. मुठीत आले ते आपले!

मराठीत याला नेमका प्रतिशब्दच नाही. आपण ‘आहे’वर भागवतो आणि खरा निवाडा विभक्तीवर व शब्दयोगी अव्ययावर सोपवतो. ‘मला बहीण आहे’, ‘माझ्याकडे पैसे आहेत’, ‘तिच्यात धीर आहे’. या वाक्यांत ‘मी’ धनी होऊन पुढे येत नाही, बाजूला उभा राहतो. जुन्या कराराची हिब्रू भाषाही ‘येश ली’, म्हणजे ‘मला आहे’, असेच म्हणते. शिवाय पैशाला ‘कडे’ लागते, कारण तो आज माझ्याकडे, उद्या दुसऱ्याकडे. ‘माझ्याकडे बहीण आहे’ असे कोणी म्हटले, तर ती चार दिवस राहायला आली असेल असेच ऐकणाऱ्यास वाटेल. नाती आणि चीजवस्तू यांची गल्लत आपली भाषा होऊ देत नाही, असे आम्ही प्रवचनातूनही सांगत आलो.

एकदा ख्रिस्तप्रसाद घेऊन एका अंथरुणास खिळलेल्या आजींकडे गेलो होतो. “मला तीन मुलगे आहेत, फादर,” त्या म्हणाल्या. आवाजात अभिमान होता. थोड्या वेळाने म्हणाल्या, “दोन महिने थोरल्याकडे होते. आता धाकट्याकडे आहे.”

आम्ही पैशासाठी राखून ठेवलेले ते ‘कडे’! मुलगे आईला ‘आहेत’. आई मात्र मुलां‘कडे’ आहे. व्याकरणात चूक काहीच नाही. विश्वासाने सोपवलेली किल्लीही आपल्याकडेच असते, आणि सांभाळ करणाऱ्याने ‘आई माझ्याकडे असते’ म्हणावे, यात उणे काय? धाकट्याची सून त्यांचे सारे मायेने करीत होती, हे आम्ही पाहिले. तरीही किल्ली आणि नाणे, दोन्ही एकाच अव्ययाने बोलतात. कोणते कोणते, हे भाषा सांगत नाही.

निघताना आजी म्हणाल्या, “पुढल्या महिन्यात मधल्याकडे या हं, फादर.”

आम्ही वहीत नवा पत्ता लिहून घेतला.