गर्भातील पहिला कारभार

मंडणगडच्या जांभ्या कातळावर पावसाळ्यापुरत्या उगवणाऱ्या गवतावर गुजराण करणारी लहान चणीची गाय माजावर आली म्हणजे तिला भरवावे, आणि एकवीस दिवसांनी ती पुन्हा हंबरू लागली, शेपटीखाली स्वच्छ सोट लोंबू लागली, की ‘उलटली’ म्हणून सारा दोष तिच्या कुशीवर ठेवावा, ही जुनी वहिवाट आहे. वस्तुतः निरोगी गाईंत शंभरांतील नव्वदांच्या आसपास बीजे फलित होतात, वासरे मात्र निम्म्याच्या थोडी पुढेमागे जन्मतात. म्हणजे जिला आपण न फळलेली समजतो, तिच्या उदरी पुष्कळदा जीव धरलेला असतो आणि पहिल्या पंधरवड्याच्या आगेमागे तो कोणाच्या नकळत मावळलेला असतो.

भ्रूणापाशी मातापित्यांची समग्र जनुके असतात, परंतु आरंभी ती बहुतांशी मूकच राहतात. एकाच्या दोन, दोनांच्या चार, चारांच्या आठ पेशी होईपर्यंतचा व्यवहार मातेने बीजांडात साठवून ठेवलेल्या संदेशक आरएनएवर चालतो, जसा अज्ञान वारसाच्या नावे मातोश्रींनी दौलतीचा कारभार पाहावा. आठ ते सोळा पेशींच्या अवस्थेत भ्रूणाची स्वतःची जनुके व्यक्त होऊ लागतात. पुढे सोळाव्या दिवसाच्या सुमारास, काही इंचांपर्यंत ताणलेला तो भ्रूण इंटरफेरॉन टाऊ नावाचे प्रथिन स्रवतो, त्यायोगे गर्भाशयातून सुटणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनला आळा बसतो, बीजांडकोशावरील पीतपिंड टिकतो आणि त्याच्या प्रोजेस्टेरॉनवर गर्भ राहतो. हा संकेत क्षीण पडला की पीतपिंड झिजतो आणि गाय पुन्हा माजावर येते. यात तिचा अपराध तो कोणता?

मातेच्या शिल्लकीवर जगणाऱ्या या पहिल्या दिवसांतच भ्रूणाला उष्मा अधिक बाधतो. ब्राह्मण व नेलोर या वशिंडाच्या गाईंचे भ्रूण होल्स्टीनच्या भ्रूणांपेक्षा उष्मा अधिक सोसतात, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. आणि नेलोर म्हणजे आपल्याच आंध्रातील ओंगोल गाईचा ब्राझीलमध्ये वाढलेला वंश.

आपल्या कातळावरची ती लहान चणीची गाय, म्हणजे कोकण कपिला, २०१८ मध्ये स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय दप्तरी दाखल झाली. तिचे मोल केवळ चरवीतल्या दुधावर ठरवणे मला अन्यायाचे वाटते. दमट उकाड्यात गर्भ धरून ठेवण्याच्या अंगानेही तिची पारख व्हावयास हवी, आणि दापोलीचे कृषी विद्यापीठ तर शेजारच्याच तालुक्यात आहे. मंडणगडच्या गाईवाल्यांना माझी कळकळीची विनंती एवढीच, की माज, रेतन आणि उलटणे यांच्या तारखा वहीत टिपाव्यात, भरवलेली गाय भर उन्हात बांधू नये, आणि कपिलेला कपिलेचाच वळू दाखवावा.