भोक पडलेली पुतळी



आजीच्या माळेतली पुतळी म्हणजे मूळचे व्हेनिसचे डुकाट, साधारण साडेतीन ग्रॅम सोन्याचे नाणे. एका बाजूस संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख, दुसऱ्या बाजूस प्रभू ख्रिस्त. जुन्या नाण्यांची प्रत ठरवणारे १ ते ७० गुण देतात. पण भोक पाडलेल्या किंवा डाक देऊन कडी बसवलेल्या नाण्याला ते सहसा आकडा देत नाहीत, इजा नोंदवतात. भोक बुजवले तरी तीही इजाच.

हा अन्याय आहे का? आम्हांस तसे वाटत नाही. घेणाऱ्याची फसवणूक होऊ नये म्हणून खरे सांगावेच लागते. पण तीच पुतळी अकोल्याच्या सराफाने तोलली, तर सोने सोनेच भरते. शिवाय भोक पडले म्हणूनच ती आजीच्या गळ्यात आली. आयुष्यात घाव सोसलेल्या आपल्या माणसांना पारखतानाही एवढे ध्यानात ठेवू या.