हात गेला, तो नशिबाने नव्हे



कामावर एखाद्या कामगाराचा हात यंत्रात सापडला की तीन वाक्ये हमखास कानांवर येतात. मालक म्हणतो, ‘त्याचीच चूक होती.’ शेजारीपाजारी म्हणतात, ‘नशिबात होते, कोण काय करणार?’ आणि घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, ‘देतात तेवढे घ्या, मोठ्यांशी वैर नको.’ तोंडे तीन, पण हिशोब एकच. या तिन्ही वाक्यांनी मालकाचे पैसे वाचतात आणि ज्याचा हात गेला त्याच्या पदरात काही पडत नाही. म्हणून ही वाक्ये तपासून घेणे आपल्याला भाग आहे. गेलेल्या हाताची भरपाई ही मालकाची दया आहे, त्याला झालेली शिक्षा आहे, की कामगाराचे रीतसर येणे आहे?

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. तुडीलसारख्या खाडीपट्ट्यातल्या गावांतून पिढ्यान् पिढ्या माणसे पोटासाठी मुंबईला गेली. गिरणी, गोदी, रेल्वेचे कारखाने यांत आपल्या आजोबांचा घाम गळला. आज महाडची औद्योगिक वसाहत जवळ आली आहे आणि आपली मुले ठेकेदाराच्या हजेरीवर तिथे पाळ्या करतात. मी शाळामास्तर. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेला पहिलाच, म्हणून गावातली माणसे कागद वाचून घ्यायला माझ्याकडे येतात. इस्पितळाचा कागद येतो, ठेकेदाराचा येतो. पुष्कळदा तो अंगठा उठवून झाल्यावर येतो. त्यावर लिहिलेले असते की, मला सर्व रक्कम मिळाली, यापुढे माझी काही तक्रार नाही. असा कागद वाचून दाखवताना आवाज खाली जातो.

आता इतिहासाकडे पाहू. ही मागणी कायदेपंडितांनी प्रथम केली असे कुणी समजू नये. ती आपल्या मुंबईच्या गिरणी कामगारांनी केली. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक चळवळीतले आणि ‘दीनबंधू’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा भरवल्या. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. आठवड्याची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, या मागण्या आपल्याला ठाऊक असतात. पण त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती. गिरणीत काम करताना जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो जन्माचा अधू झाला तर त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, त्यांना न्याय मात्र कळत होता! त्याच साली जर्मनीत अपघात विम्याचा कायदा झाला. इंग्लंडात भरपाईचा कायदा १८९७ साली झाला. आपल्या देशात कामगार नुकसानभरपाईचा कायदा व्हायला १९२३ साल उजाडले आणि तो १ जुलै १९२४ पासून लागू झाला. परळच्या सभांनंतर ही चाळीस वर्षे गेली.

या कायद्याने कोणती नवी गोष्ट केली? त्यापूर्वी इंग्रजी न्यायाची रीत अशी होती की, जखमी कामगाराने आधी मालकाची चूक सिद्ध करावी. मालक म्हणे, चूक सोबतच्या कामगाराची होती. किंवा म्हणे, धोका ठाऊक असून हा कामाला आला. किंवा म्हणे, याचाच निष्काळजीपणा नडला. यांतली एक सबब लागू पडली तरी दावा बुडे. १९२३ च्या कायद्याने विचारण्याचा प्रश्नच बदलला. ‘चूक कुणाची?’ असे न विचारता त्याने विचारले, ‘इजा कामामुळे आणि काम चालू असताना झाली काय?’ झाली असेल तर मालक देणे लागतो.

इथे एखादा विचारी वाचक म्हणेल, मालकाची काहीच चूक नसताना त्याने का भरावे? हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिकच उत्तर दिले पाहिजे. कारखान्यातल्या यंत्राचा दाता मोडला तर मालक दुरुस्तीचा खर्च करतो. दाता कुणाच्या चुकीने मोडला याचा निकाल लागेपर्यंत तो यंत्र बंद ठेवत नाही. तो खर्च धंद्याचा खर्च म्हणून वहीत मांडतो आणि मालाच्या किमतीतून वसूल करतो. मग माणसाचा हात मोडला तर तोच धंद्याचा खर्च का नव्हे? कामाचा नफा ज्याच्या घरी जातो, त्या कामाची झीज आणि मोडतोडही त्याच्याच वहीत मांडली गेली पाहिजे. ती कामगाराच्या बायकोच्या डब्यातल्या तांदळातून वसूल होता कामा नये. म्हणून भरपाई ही दया नव्हे आणि शिक्षाही नव्हे, ते देणे आहे. दया असती तर हात जोडावे लागले असते. शिक्षा असती तर आधी मालकाला गुन्हेगार ठरवावे लागले असते. देणे मागायला यांपैकी काहीच लागत नाही.

मग हाताची किंमत कोणत्या मापाने मोजायची? कायद्याला कोष्टक जोडलेले आहे. एक पंजा गेला तर कमाईची शक्ती ६० टक्के गेली असे धरतात, हात खांद्यातून गेला तर ९० टक्के. पण माणूस कोष्टकात मावतो काय? यावर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये दिलेला एक निकाल प्रत्येक कामगार घराने लक्षात ठेवावा. ओरिसात एक सुतार चित्रपटगृहाच्या नक्षीकामावर होता. ६ जुलै १९६८ रोजी तो काम करताना पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालक म्हणाला, हा माझा कामगार नव्हेच, हा ठेकेदार. शिवाय अपघात त्याच्याच निष्काळजीपणाने झाला. आयुक्तांनी साधा विचार केला. सुतारकाम एका हाताने होत नाही. एक हात लाकूड धरतो, दुसरा रंधा मारतो. तेव्हा या माणसाचा एक हात गेला असला तरी सुतार म्हणून तो पूर्ण गेला. त्यांनी पूर्ण अपंगत्व धरून ९,८०० रुपये भरपाई दिली आणि मालकाने रक्कम वेळेवर दिली नाही म्हणून वर ५० टक्के दंड व व्याज लावले. मालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि हरला. न्यायालयाने असेही ठरवले की, भरपाई देणे लागते ते अपघात झाल्या दिवसापासून, निकाल लागल्या दिवसापासून नव्हे. आधी दावा लढवायचा आणि मग ‘रक्कम ठरलीच नव्हती’ म्हणायचे, ही पळवाट त्याने बंद झाली.

हात म्हणजे केवळ हाडमांस नव्हे, त्या हाताने येणारी विद्या म्हणजे हात, हा या निकालाचा अर्थ आहे. आपल्या पूर्वजांच्या हातांना या देशाने कधी विद्या मानली नाही. त्यांच्या श्रमाला बलुते आणि भीक यांच्या मधली कुठलीतरी जागा दिली. त्याच घरातल्या हाताचे मोल आज न्यायालयात मांडता येते. ते मांडायला संकोच वाटत असेल, तर तो संकोच कुठून आला हेही शोधले पाहिजे.

आणि तो येतो नशिबाच्या कल्पनेतून. धम्मदीक्षा घेतल्यावर देव्हारा घरातून गेला, पण प्रारब्ध पुष्कळ घरांत अजून मुक्कामाला आहे. ‘मागल्या जन्मीचे भोग’ हे शब्द जखमी माणसाच्या उशाशी अजून ऐकू येतात. संयुत्त निकायात मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने भगवान बुद्धांना हेच विचारले आहे : माणसाला होणारे सुखदुःख हे सर्व पूर्वकर्माचे फळ, असे काही जण म्हणतात, ते खरे काय? भगवंतांनी होकार दिला नाही. पित्त, कफ, वात, त्यांचे एकत्र बिघडणे, ऋतूचा पालट, सांभाळण्यातली हयगय, बाहेरून झालेला आघात, अशी वेगवेगळी कारणे त्यांनी मोजून सांगितली आणि सर्वच दुःख पूर्वकर्माच्या माथी मारणारे लोक प्रत्यक्ष अनुभवाच्याही पलीकडे धावतात, असे बजावले. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात हाच धागा पुढे नेला. गरिबांच्या स्थितीची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकावी, यासाठी पूर्वकर्माचा सिद्धान्त सोयीचा पडतो, हे त्यांनी दाखवून दिले.

आता हे यंत्राला लावून पाहा. यंत्राची जाळी काढून ठेवली होती काय? बारा तासांची पाळी झाल्यावर त्याला पुन्हा उभे केले होते काय? नव्या पोराला काम शिकवले होते काय? ही कारणे डोळ्यांना दिसतात, तपासता येतात आणि दुरुस्तही करता येतात. मागला जन्म तपासायला कोणता निरीक्षक येणार? जो ‘नशीब’ म्हणतो तो खरे कारण झाकतो, आणि झाकलेले कारण उद्या दुसऱ्या पोराचा हात घेते.

पण बंधूंनो, हक्काची गोष्ट बोलताना शीलाची गोष्ट टाळून चालणार नाही. आपण खोटे न बोलण्याची आणि दारू न पिण्याची प्रतिज्ञा घेतलेली आहे. कायद्यातही अशी तरतूद आहे की, इजा थेट दारूच्या अंमलामुळे झाली, किंवा सुरक्षेचा स्पष्ट हुकूम कामगाराने जाणूनबुजून मोडला, तर मालक सुटू शकतो; मात्र मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर ही सबब चालत नाही. जाणूनबुजून मोडणे वेगळे आणि थकव्याने हात चुकणे वेगळे, हा भेद ध्यानात ठेवा. म्हणून दावा मांडताना आहे तेवढेच सांगावे. पंजा गेला असेल तर पंजाच सांगावा. घरी पडून झालेली इजा कारखान्यातली म्हणून दाखवू नये. एका खोट्या दाव्याने पुढच्या दहा खऱ्या माणसांकडे संशयाने पाहिले जाते.

शीलाची खरी कसोटी मात्र जखमी माणसाची नसते, ती साक्षीदाराची असते. जाळी काढलेली होती हे सोबतच्या कामगाराने पाहिलेले असते. पण त्याला मुकादम सांगतो, तोंड उघडलेस तर उद्यापासून येऊ नकोस. त्याच्या घरीही चूल आहे, शाळेत जाणारी मुले आहेत. त्याला ‘खरे बोल’ म्हणणे सोपे आहे. मला वाटते, एकट्या माणसाकडून असे धैर्य मागण्याचा अधिकार आपल्याला तेव्हाच पोचतो, जेव्हा त्याची हजेरी तुटली तर त्याच्या घरी दोन महिने धान्य पोचवण्याची आपल्या वस्तीची तयारी असते. विहारासाठी आपण वर्गणी काढतो, जयंतीसाठी काढतो. खरे बोललेल्या माणसाच्या चुलीसाठी वर्गणी काढणे हेही धम्माचेच काम आहे.

कुणी म्हणेल, मास्तर, कायदा कागदावर असतो, आमच्या वाट्याला कुठे येतो? महाडच्या माणसाने असे म्हणू नये. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात याच १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि हजारो माणसे चालत जाऊन पाणी प्यायली, तेव्हा कुठे त्या कागदात जीव आला. त्यानंतरही दावा चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. पायांनी चालावे लागले आणि दहा वर्षे पुराव्याने लढावेही लागले.

तेव्हा घराघरांत एवढे सांगून ठेवा. अपघात झाला की त्याच दिवशी इस्पितळाच्या कागदावर ‘कामावर असताना’ हे शब्द लिहून घ्या. मालकाला लेखी कळवा आणि त्याची पोच ठेवा. दावा दोन वर्षांच्या आत दाखल करा. ठेकेदाराकडे काम असले तरी ज्याच्या धंद्याचे काम आहे त्या मूळ मालकावरही जबाबदारी येते. राज्य विम्याचे कार्ड असेल तर लाभ विमा महामंडळाकडून घ्यावा लागतो. १९२३ चा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला असून ती नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. कामातल्या इजेची जबाबदारी मालकाची, हे तत्त्व कायम आहे. हक्क सोडून दिल्याचा करार कायद्याने निरर्थक ठरतो, तरी कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवू नका.

आकडाही समजून घ्या. जुन्या कायद्याच्या अखेरच्या काळातील कोष्टकाप्रमाणे तीस वर्षांच्या, महिना १०,००० रुपये वेतनाच्या कामगाराचे पूर्ण अपंगत्व म्हणजे वेतनाचे ६० टक्के गुणिले २०७.९८, अर्थात १२,४७,८८० रुपये. पंजा गेला तर त्याचे ६० टक्के, म्हणजे ७,४८,७२८ रुपये. ‘हे घे पंचवीस हजार आणि गप्प बस’ असे कुणी म्हणाले, तर तो किती दान करतो आहे आणि किती बुडवतो आहे, हे तुमच्या सातवीतल्या मुलालाही पाटीवर मांडता येईल. त्याच्याकडून ते मांडून घ्या. त्याची आजी शेजारी बसलेली असेल तर तिलाही मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, म्हणजे ‘नशीब’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी ती आकडा विचारील.

जयभीम.