ओढून आणलेलं दर्शन



आज आपण गीतेच्या दहाव्या अध्यायातून अकराव्यात शिरतोय. दहाव्यात भगवंत आपल्या विभूती मोजून दाखवतात. ऋतूंमधली विभूती वसंत, पक्ष्यांमधली गरुड. आता आमच्या पुण्यातल्या गल्लीत गरुड काही येत नाही. येतात बुलबुल, साळुंक्या, शिंजीर आणि तांबट. पण अध्यायाच्या शेवटी भगवंत सांगतात की आपल्या केवळ एका अंशाने त्यांनी हे सारं जग धरून ठेवलंय. म्हणजे तांबटही त्यात आलाच!

ऑफिसचा लॅपटॉप उघडण्याआधी तासभर कॅमेरा घेऊन फिरायचं, हा माझा नेम. फेब्रुवारी-मार्चमध्ये वेताळ टेकडीच्या बाजूला पांगारा फुलतो. झाडावर पान नाही, नुसती लाल फुलं, आणि मधासाठी पक्ष्यांची झुंबड. तांबट मात्र आधी ऐकू येतो. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा टुक-टुक-टुक, न थांबता. चिमणीएवढा हिरवा पक्षी, कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका. वाळक्या फांदीत चोचीने ढोली कोरून नर-मादी आळीपाळीने पिल्लांना भरवतात.

अशी एक ढोली सध्या आमच्या रस्त्यावर आहे. सोबत फिरणारा मित्र परवा म्हणाला, "रविवारी स्पीकर आणतो. तांबटाचा आवाज लावू, दोन मिनिटांत समोर येईल. तू किती वेळ उभा राहणार?"

येईल, हे खरंच आहे. पण का येईल? रेकॉर्ड केलेला आवाज ऐकून त्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय. तो आपल्याला दर्शन द्यायला येत नाही, भांडायला येतो. ऐन विणीच्या दिवसांत, पिल्लांचं खाणं सोडून, नसलेल्या शत्रूला शोधत फांद्या पालथ्या घालतो. आपल्याला फोटो मात्र झकास मिळतो.

अकराव्याच्या सुरुवातीला अर्जुन काय करतो बघा. विश्वरूप बघायची त्याला प्रचंड इच्छा आहे. समोर सखा आहे, सारथी आहे, हट्ट करायला काय हरकत होती? पण चौथ्या श्लोकात तो आधी एक 'जर' घालतो. मला ते बघणं शक्य आहे असं तुम्हाला वाटत असेल, तर दाखवा. आम्हा प्रोग्रामर लोकांची नजर 'जर'वर लगेच जाते! या एका शब्दात अर्जुनाने नकार द्यायची मोकळीक समोरच्याकडे ठेवलीय. स्पीकरवाल्या दर्शनात ती मोकळीक पक्ष्याला नसते.

मित्राने मला बरोबर पकडलं. "तू चाळीस मिनिटं झाडामागे उभा असतोस, तीही वासनाच ना? निष्काम कुठे आहेस?" मान्य. इच्छा मलाही आहे, अर्जुनालाही होती. गीता तिथे त्याला इच्छेबद्दल रागावत नाही, उलट दृष्टी देते. त्यामुळे मला प्रश्न इच्छेचा वाटत नाही. ती पुरी करायचा खर्च कोणाच्या खात्यातून जातो, हा आहे. माझी चाळीस मिनिटं माझी आहेत, पण तांबटाची दोन मिनिटं माझी नाहीत.

त्याचा दुसरा मुद्दा जास्त जड आहे. असे फोटो बघूनच शहरातली पोरं पक्ष्यांकडे वळतात, तो स्वतः तसाच वळला. मग ढोलीची जागा लपवून मी दर्शनाला कुलूप लावतोय का? देवळाच्या दारात कोणाला अडवायचं नाही असं मानणारी आपली परंपरा, आणि मी फोटो पाठवताना लोकेशन काढून टाकतो. हे मला टोचतं. तरी काढतोच. चोचीत किडा घेऊन तांबट ढोलीत न शिरता शेजारच्या फांदीवर बसून राहिला, की समजायचं आपण फार जवळ आलोय. मग मागे सरकायचं. एकट्याला हे जमतं. वीस जण लेन्स रोखून उभे असतील तर आधी कोण सरकणार?

"आणि नाहीच दिसला तर?" मित्राने विचारलं. मी म्हटलं, चहा पिऊन घरी जाऊ.

तो अजून पटलेला नाही. रविवारी येणार आहे, स्पीकर घरी ठेवून येतो का बघायचं. तुमच्यापैकी कोणी कॅमेरा घेऊन फिरत असेल तर जागा लपवण्याबद्दल काय वाटतं ते नक्की लिहा, मला खरंच हवंय.

उद्या आठवा श्लोक, दिव्य चक्षूंचा.

राम कृष्ण हरी!