पाठीवरचे नाव

अमेरिकन हार्ट असोसिएशन ही संस्था १९२४ साली स्थापन झाली. तिच्या ‘हार्ट वॉक’मध्ये दरवर्षी अमेरिकेतल्या शहराशहरांतून हजारो माणसे काही मैल चालतात आणि ओळखीपाळखीच्यांकडून देणग्या गोळा करतात. हृदयविकारातून वाचलेल्यांच्या डोक्यावर लाल टोपी असते, पक्षाघातातून वाचलेल्यांच्या पांढरी. पुष्कळांच्या सदऱ्यावर गेलेल्या माणसाचे नाव लावलेले असते. माझा प्रश्न त्या नावाविषयी आहे. हे चालणे त्या माणसापर्यंत पोचते का? आणि पोचत नसेल, तर ते ‘त्याच्यासाठी’ कसे म्हणायचे?

प्रश्न जुना आहे. माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त चार्वाकांचा आक्षेप नोंदलेला आहे: श्राद्धाचे अन्न मेलेल्याला मिळत असेल, तर वाटसरूने शिदोरी तरी का बांधावी? घरी कोणी जेवले की त्याचे पोट भरायला हवे. कर्मसिद्धान्ताचीही अडचण आहेच. एकाच्या कर्माचे फळ दुसऱ्याच्या पदरात कसे पडावे? हे दोन्ही आक्षेप मी मान्य करतो. चालण्याचे पुण्य मृताच्या नावे जमा होते, असे मी म्हणणार नाही. पण तैत्तिरीय संहितेतली ऋणांची कल्पना या आक्षेपांनी ढळत नाही. तिथे पितरांचे ऋण प्रजेने फिटते. म्हणजे जे मागच्यांकडून घेतले, ते पुढच्यांना द्यायचे. मृताला काही पोचवण्याची अटच नाही. प्रजा म्हणजे आपलीच मुलेबाळे, असे कोणी म्हणेल. पण तर्पणाचे पाणी आपल्या गोत्रापाशी थांबत नाही. ज्यांना पाणी द्यायला कोणी उरले नाही त्यांना ते दिले जाते, आणि ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत सर्वांना.

गोत्राबाहेरचे आपले देणे किती मोठे आहे, हे मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावाने दाखवले. १९४८ पासून तिथल्या ५,२०९ स्त्रीपुरुषांनी दर दोन वर्षांनी स्वतःला तपासू दिले. ती धडधाकट माणसे होती. त्यांच्यातले कोण कशाने आजारी पडते, हे पाहायचे होते. वाढलेला रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध त्यांच्या नोंदींतून स्पष्ट झाला. १९७१ मध्ये त्यांची मुले अभ्यासात आली, २००२ मध्ये नातवंडे. श्राद्धातही पिंड तीन पिढ्यांनाच असतात, हे इथे आठवल्यावाचून राहत नाही. ती पहिली पिढी आता जवळजवळ संपली. पुण्यातला डॉक्टर दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजतो आणि आकडा पाहून गोळी सुरू करतो, तेव्हा त्या अनोळखी मृतांचेच देणे आपण घेत असतो. पण त्या नोंदी मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या होत्या. दक्षिण आशियाई माणसाला पहिला झटका इतरांपेक्षा काही वर्षे लवकर येतो, हे ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने २००४ मध्ये दाखवले. ते का, आणि त्यावर काय करायचे, हे शोधायला पैसा लागतो. अमेरिकेतला मराठी माणूस या चालण्यात उतरतो, तेव्हा त्याचा वाटा उपऱ्याचा नसतो.

मग नुसता चेक पाठवला तर? पैसा तेवढाच पोचेल, हे खरे. पण १९५३ साली जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. ज्या रोगासाठी पैसा गोळा करायचा, त्याच्यावरचा एक उपाय म्हणजेच हे चालणे आहे. शिवाय कृतज्ञतेला शरीर लागते. प्रदक्षिणा घालणाऱ्याला आणि वारीला जाणाऱ्याला हे सांगावे लागत नाही.

सर्वांत जिव्हारी लागणारा आक्षेप वेगळाच आहे: एवढ्या गर्दीत, एवढ्या नावांत आपले माणूस हरवून जाते. बापाचे मरण एकट्याचे असते. त्याची ‘हृदयविकाराचे बळी’ अशी मोट बांधली की त्याचा आवाज, त्याचा हट्ट, सगळे पुसले जाते. मला हे दुःख खरे वाटते, आणि त्यावर चालणे हा इलाज नाही. पण सपिंडीकरणात नेमके हेच घडवून आणतात. गेलेल्याचा वेगळा पिंड घेऊन तो आधीच्या तिघांच्या पिंडांत मिसळतात, आणि एकटा प्रेत असलेला तो त्या क्षणापासून पितर होतो. ते मिसळणे त्याच्याच मुलाला स्वतःच्या हातांनी करावे लागते.